आकाशातली तालीम, खाटेवरची आजी

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आजीच्या खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा लावलेल्या होत्या. ओट्यावरून पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रियेला घरचे तयार नव्हते, म्हणून पायाला वजन टांगून ठेवलेलं. त्या वजनाने माणूस खाली ओढला जाऊ नये यासाठी पायथा उंच आणि डोकं खाली. मी तेव्हा नववीत होते. शाळेतून आले की आजी हात धरून म्हणायची, "बेटा, माले उभं करी दे. हाई खाट माले खाई राहिनी." आम्हाला वाटायचं, म्हातारी कंटाळलीय.

ती अगदी शब्दशः खरं बोलत होती, हे मला फिजिओथेरपी शिकताना कळलं. आणि तिच्या त्या विटांच्या खाटेवर जगभर संशोधन चालतं, हे त्याच्याही नंतर. जर्मनीत कोलोनला, फ्रान्समध्ये तुलूझला धडधाकट माणसांना पैसे देऊन महिना-दोन महिने बिछान्यावर झोपवून ठेवतात. बिछाना डोक्याकडे सहा अंशांनी खाली कललेला. जेवण, वाचन, अंघोळ, सगळं आडवंच. असं का करतात? कारण पृथ्वीवर राहून अंतराळवीराच्या शरीराची अवस्था जवळून पाहायची तर याच्याइतका सोपा मार्ग नाही. रक्त डोक्याकडे चढतं, पायांचे स्नायू रोडावतात, हाडं विरळ होऊ लागतात.

हाड हा वासा नाही, की एकदा घातला आणि पन्नास वर्षं बघायला नको. ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. किती बांधायचं हे त्याच्यावर येणाऱ्या भारावरून ठरतं. ज्युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये हा नियम मांडला. भार गेला की शरीर हिशेबी सावकारासारखं वागतं, वापरात नसलेलं काढून घेतं. व्यायाम पुरेसा नसेल तर अंतराळात खुब्याच्या भागातलं हाड महिन्याला एक ते दीड टक्का कमी होतं. पाळी गेलेल्या बाईचं साधारण वर्षात जेवढं जातं, तेवढं तिथे एका महिन्यात. निघालेलं कॅल्शियम लघवीवाटे जातं, त्यातून मुतखड्याचा धोका. आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला जुलै २०२५ मध्ये अवघ्या अठरा-वीस दिवसांनी परत आले तरी त्यांना चालण्याची सवय नव्याने करावी लागली. सुनीता विल्यम्स तर २८६ दिवस वर होत्या.

हे सगळं सांगायचं कारण असं. भारताला स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं आहे. पहिला भाग २०२८ मध्ये आणि पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत, हे सरकारने ठरवलेलं लक्ष्य आहे. आपल्याच यानातून माणसं वर नेणाऱ्या गगनयानाची पहिली सफर तीन दिवसांची, तिला व्यायामयंत्र नसलं तरी चालेल. स्थानकावर महिनोन् महिने माणसं राहणार, तिथे चालणार नाही. म्हणजे व्यायामाची आणि उपचाराची यंत्रं कशी हवीत याचे कागद आता, या दोन-चार वर्षांत लिहिले जाणार. माझं सगळं म्हणणं त्या कागदाबद्दल आहे.

माझ्या दवाखान्यात, धुळ्याला, एका पेशंटच्या मुलाने मोबाइलवर शुक्लांचा व्हिडिओ पाहता पाहता मला ऐकवलं होतं, "ताई, आमना गावमा नर्स आठवडामा एकदाव येस, आन हाई लोके वर जिम बांधी राहिनात." मला हसू आलं, पण उत्तर सुचलं नाही. सुशिक्षित माणसं या आक्षेपाला चटकन "संकुचित दृष्टी" म्हणून मोकळी होतात. मी नाही म्हणणार. ज्याच्या गावात रस्ता नाही त्याला गगनयानाच्या २०,१९३ कोटींचा आकडा टोचणारच. नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आजही बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो, नर्मदेच्या फुगवट्यावर बोटीतून दवाखाना फिरवावा लागतो. या माणसाला "तू आकाशाकडे बघ" म्हणणं हा उद्धटपणा आहे.

तरीही त्याचं म्हणणं मला पुरतं पटत नाही. का, ते सांगायला आधी त्या यंत्रांकडे जरा नीट पाहावं लागेल.

आमच्याकडच्या तालमीतला पैलवान अंतराळात नेला तर त्याचं काय होईल? जोर-बैठका निरुपयोगी, कारण उचलायला स्वतःचं वजनच नाही. मुद्गल हलवायला तिथेही जोर लागेलच, वस्तुमान काही कुठे जात नाही. पण खांद्यावर तोलून धरायला काही लागणार नाही, आणि हाडाला जो भार हवा असतो तो या तोलण्यातच असतो. राकेश शर्मांनी १९८४ मध्ये अंतराळात योगासनं करून पाहिली होती, ती मळमळ आणि भोवळ यांच्या अभ्यासासाठी. आपल्याकडे काही उत्साही लोक "योग आहे ना, यंत्रं कशाला" असं म्हणतात. योगाचे गुण मी रोज पेशंटना सांगते, पण वजनच नसलेल्या जागी हाडाला ओझं द्यायचं काम योग करू शकत नाही.

मग तिथे वजन आणायचं कुठून? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सुरुवातीला रबरी घटकांवर चालणारं एक तात्पुरतं यंत्र होतं. रबराचा दोष असा की ओढावं तसा जोर बदलतो, आणि त्याची कमाल मर्यादा कमी. हाडं जातच राहिली. २००८ च्या नोव्हेंबरात 'आरेड' नावाचं यंत्र वर गेलं, तेव्हा चित्र पालटलं. त्यात दोन नळकांडी आहेत. दट्ट्याच्या एका बाजूला निर्वात पोकळी. हवेविरुद्ध दट्ट्या ओढायचा, म्हणजे पूर्ण ओढीत जोर जवळजवळ सारखा राहतो. सोबत लहान जडचाकं (फ्लायव्हील) बसवलीत, त्यांनी खऱ्या लोखंडी वजनाची जडता येते. सुमारे २७२ किलोपर्यंत ताण मिळतो. सायकल आहे, तिला बैठकच नाही, कारण बसण्याचा प्रश्न येत नाही. पाय अडकवले की झालं. पळायचा पट्टा आहे, त्यावर माणसाला खांद्या-कमरेला पट्ट्यांनी खाली ओढून बांधतात. सुनीता विल्यम्सनी २००७ मध्ये अशाच पट्ट्यावर बॉस्टन मॅरेथॉनचं अंतर ४ तास २४ मिनिटांत पळून काढलं. खाली ओढणारे ते पट्टे खांद्यांना काचतात, सोलवटतात, हेही अंतराळवीर सांगतात. दिवसाचे दोन-अडीच तास या व्यायामात आणि त्याच्या तयारीत जातात.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. ही यंत्रं स्थानकाला घट्ट ठोकून बसवत नाहीत, तरंगती ठेवतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी झोक्यावर बसतात तेव्हा झोका उंच न्यायला ताकद लागत नाही, ताल लागतो. मागे आला की हलकेच रेटा, आणि बघता बघता झोका लिंबाच्या शेंड्याला. अंतराळवीराच्या बैठकांचा ताल स्थानकाच्या लांबलचक सौरपंखांच्या तालाशी जुळला तर तोच झोका तिथे सुरू होईल, आणि नाजूक प्रयोग बिघडतील ते वेगळंच. म्हणून स्प्रिंगा, धक्काशोषक, तरंगत्या चौकटी. व्यायामयंत्राचा बराचसा पसारा या "हलू नये" साठी असतो.

चंद्राकडे जाणाऱ्या ओरायन यानात एवढा पसारा मावत नाही. त्यासाठी जे यंत्र केलं ते हातात न्यायच्या बॅगेएवढं, चौदा किलोच्या आसपास. वीज लागत नाही. आत एक जडचाक, त्याच्या दांड्यावर दोर गुंडाळलेला. ओढलं की चाक फिरतं, दोर संपला की तेच चाक आपल्या वेगाने दोर उलटा गुंडाळतं आणि आता तुम्हाला ते रोखून धरावं लागतं. जेवढ्या जोराने ओढाल तेवढाच भार ते परत देतं. ही कल्पना नव्वदच्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी अंतराळवीरांसाठीच काढली. पण खरं सांगू का, आपण सगळ्यांनी लहानपणी ती हातात धरलीय. शर्टाचं मोठं बटण दोऱ्यात ओवून गरगर फिरवायचो, ओढलं की सुटायचं, सैल सोडलं की उलटं वळायचं. तेच.

आता त्या कागदात जी अट येईल ती वाचा: हलकं हवं, थोड्या जागेत मावावं, वीज शक्यतो नको, बिघडलं तर वापरणाऱ्यालाच दुरुस्त करता यावं, जवळ डॉक्टर नाही असं धरून चालावं. ही अट स्थानकासाठी लिहिली की सातपुड्यातल्या मोलगीच्या पुढच्या एखाद्या पाड्यासाठी, हे नाव झाकलं तर ओळखता येईल का?

औषधपाण्याचं तर याहून. २०२० च्या जानेवारीत एका अंतराळवीराची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मोहीम सुरू होऊन दोनेक महिने झाले तेव्हा मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. शोध लागला तो सोनोग्राफीमुळे, जी त्या माणसाने स्वतःच्या मानेवर स्वतः केली, आणि पृथ्वीवरचे तज्ज्ञ "थोडं डावीकडे, आता दाबा" असं सांगत राहिले. वर रक्त पातळ करणारं इंजेक्शन होतं, पण मोजकंच. पुढचा माल येईपर्यंत मात्रा जपून वापरून चाळीसएक दिवस काढले; मालवाहू यान गोळ्या घेऊन पोचलं तेव्हा जीव भांड्यात पडला. सातपुड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्याने पावसाळा काढला आहे, त्या डॉक्टरला ही गोष्ट सांगा. तो म्हणेल, यात अंतराळ कुठे आलं? साठा मोजका, रस्ता बंद, तज्ज्ञ फोनवर. फरक एवढाच की वर चोवीस तास कुणीतरी फोन उचलायला बसलेलं असतं.

म्हणून त्या मुलाच्या आक्षेपाला माझं उत्तर असं, की वरची जिम आणि गावातली नर्स हे एकाच ताटातले दोन घास मानून भांडू नका. दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे: तज्ज्ञ नाही, जागा नाही, माल नाही, आणि शरीर वाट बघायला तयार नाही.

आता अंतराळवाल्यांशी माझं भांडण. ते एक गोड वाक्य ऐकवतात, "अंतराळ संशोधनाचा फायदा शेवटी सामान्य माणसापर्यंत झिरपतोच." झिरपणं आम्हा खान्देशी माणसांना कुणी शिकवू नये. पाणी कुठे झिरपतं आणि कुठे नुसतं वाहून जातं, हे तापीकाठचा शेतकरी जाणतो. बांध घातला नाही तर झिरपत नाही.

इस्रोचीच उदाहरणं घ्या. जयपूर फूटसाठी इस्रोने पॉलियुरेथेनचा फोम दिला, त्याने पाय हलका झाला. हे उत्तम झालं, कारण तिथे घेणारे हात आधीच तयार होते. २०२१ मध्ये तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राने तीन प्रकारचे व्हेंटिलेटर तयार केले. त्यातला 'प्राण' तर हाताने दाबायच्या पिशवीवर चालणारा, साधा आणि स्वस्त. तंत्रज्ञान उद्योगांना द्यायची घोषणा झाली जूनच्या सुरुवातीला. आपल्याकडे लोक ऑक्सिजनच्या खाटेसाठी रात्रभर गाड्या फिरवत होते तो महिना एप्रिल. हेतू चांगला, बुद्धी चांगली, वेळ गेलेली. २०२२ मध्ये इस्रोने सूक्ष्मसंगणकावर चालणाऱ्या कृत्रिम गुडघ्याची बातमी दिली, सुमारे १.६ किलोचा, परदेशी गुडघ्याहून कितीतरी स्वस्त पडेल असा. मी पाय गमावलेली माणसं नेहमी पाहते, शेतातल्या थ्रेशरमध्ये गेलेले पाय, रेल्वेत गेलेले, मधुमेहाने गेलेले. तो गुडघा लावलेलं अजून कुणी माझ्या दारात आलेलं नाही.

याच्या उलट एक उदाहरण आहे, त्याच तिरुवनंतपुरममधलं. श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप बनवली. पहिली तीन मॉडेलं फसली. चौथं टिकलं आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या रुग्णाला बसवलं. त्यानंतर लाखाहून जास्त माणसांना ती झडप बसली. ती पोचली, कारण पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं की आयात झडप परवडत नाही अशा भारतीय रुग्णासाठीच हे काम आहे. किंमत ही यंत्राची एक अट होती, नंतर चिकटवलेली चिठ्ठी नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? २०२५ मध्ये इस्रोने अंतराळ वैद्यकासाठी याच संस्थेशी करार केला, ही मला या सगळ्यातली सर्वात आशेची बातमी वाटते.

तेव्हा माझी मागणी अशी. स्थानकासाठी जे जे व्यायामयंत्र, तपासणीचं यंत्र, औषधाची पेटी मागवली जाईल, तिच्या मागणीपत्रातच जमिनीवरच्या दुसऱ्या वापरकर्त्याचं नाव असावं. "सामान्य नागरिक" असं गुळमुळीत नको. खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडलेली सत्तरीची बाई, तिचं घर कौलारू, वीज दिवसातून जाते-येते, ती अक्षर वाचत नाही, अहिराणी किंवा पावरी बोलते. यंत्र तिला वापरता आलं पाहिजे, आणि येत नसेल तर ते अपुरं समजावं. त्यासाठी लागणारे पैसे त्याच तरतुदीत धरावेत. शेवटी उरले तर बघू, असं नाही.

यावर अभियंते म्हणतील, दोन दगडांवर पाय ठेवला की यंत्र दोन्हीकडे बिघडतं. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण मी स्वतः तोंडघशी पडले आहे. त्या बॅगेएवढ्या जडचाकाबद्दल वाचल्यावर मला वाटलं, हे तर आपल्याकडेही होईल. धुळ्यात एका लेथवाल्याकडे गेले. हाताने फिरवायच्या जुन्या कडबाकुट्टीचं चाक मिळवलं, दांडा करून घेतला, नायलॉनचा दोर गुंडाळला. लेथवाल्या काकांनी दोनदा ओढून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हाई चाक बैलले झेपी, म्हतारीले झेपाव नही." मी ऐकलं नाही. एका तरण्याताठ्या पेशंटवर, त्याच्या राजीखुशीने, करून पाहिलं. ओढताना छान, दोर उलटा गुंडाळताना त्याचा गुडघा असा झटकन खेचला गेला की तो ओरडला आणि माझं काळीज लक्कन हललं. दोरही आठवड्यात झिजला. चाक फार जड होतं, वेग रोखायची सोय नव्हती, चुकलो तर काय याचा विचारच केलेला नव्हता. अंतराळाच्या यंत्राला लागणारा पैसा नेमका या "चुकलो तर काय" वर खर्च होतो, हे मला त्या दिवशी समजलं. तो विचार एकदा सरकारी पैशाने झालाच आहे तर दुसऱ्यांदा मी एकटीने लेथवर का करावा?

म्हणजे दोन्हीकडे तेच यंत्र जाईल असं मी म्हणत नाही. तरंगती चौकट आम्हाला नको, आमची फरशी हलत नाही. निर्वात नळकांडी नकोत, आमच्याकडे लोखंड आहे आणि ते खाली पडतं. पण भार किती, कुठल्या कोनात, दिवसातून किती वेळ, कुठल्या वयाला कुठे थांबायचं, गुडघा कसा वाचवायचा, हे ज्ञान एकच आहे. ते उघडं ठेवा. नकाशे कपाटात बंद करून "तंत्रज्ञान हस्तांतरणासाठी संपर्क साधा" असं लिहिलं तर संपर्क साधणारा धुळ्याचा लेथवाला नसतो.

आणि एक भीती, जी मला खरोखर वाटते. हे लिहितेय म्हणून उद्या कुणी म्हणेल, चला, खाटेवरचे पेशंट आहेतच, त्यांच्यावरच चाचण्या करू, स्वस्तात होईल. नाही. कोलोनला जो माणूस दोन महिने आडवा पडतो तो धडधाकट असतो, त्याला सगळं समजावून सांगितलेलं असतं, चांगला मोबदला मिळतो, आणि तो कुठल्याही दिवशी उठून घरी जाऊ शकतो. सातपुड्यातल्या बाईला यातलं काहीच मिळत नाही. आपल्याला असा अभ्यास करायचा तर तोही तसाच, पगारी आणि उठून जायची मुभा असलेल्या धडधाकट माणसांवर करावा. म्हातारीकडे यंत्र न्यायचं ते सिद्ध झाल्यावर, आणि तिला विचारायचं, की बाई, हे तुला जमतं का, कुठे टोचतं.

खान्देशात हे करता येईल का, असं विचारलं तर माझं उत्तर होय आहे. भुसावळला विजेची इंजिनं दुरुस्त होतात, वरणगावला दारूगोळा बनतो, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचं काय होत नाही ते विचारा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. मशीन करणारे हात आणि खाटेवरचा पेशंट यांच्यात आमच्याकडे पन्नास किलोमीटरचंही अंतर नसतं. बंगळुरूत ते असतं. तिथल्या अभियंत्याला अंतराळवीर रोज भेटतो, खुबा मोडलेली बाई भेटत नाही.

हाडं ठिसूळ झालेल्या बायांना आठवड्याला एक गोळी देतात. तीच गोळी अंतराळवीरांनाही देऊन पाहिलीय आणि व्यायामाच्या जोडीने तिचा उपयोग दिसला. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि नंतर अर्धा तास ताठ बसायचं, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. अंतराळवीराला ताठ बसणं, आडवं होणं, सगळं सारखंच. आमच्या आजीला ती गोळी तेव्हा मिळाली असती तरी घेता आली नसती, कारण तिला बसताच येत नव्हतं. बसवायला काही लागतं: पाठीला टेकू, पायाला भार, आणि रोज दहा मिनिटं कुणीतरी. तीन महिन्यांनी विटा काढल्या तेव्हा तिची पोटरी माझ्या मनगटाएवढी झाली होती. दोघांनी धरून उंबऱ्यापर्यंत आणलं. तिने अंगणातल्या लिंबाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "आते बस, माले परत लई चाल."